निमकरकाकांची बरोबरी

निमकरकाका जेवायला बसले की ज्या भांड्यातल्या चमच्याला त्यांचा हात लागेल, तो पदार्थ त्यांना घ्यावाच लागतो. हे पथ्य नाही की नवस नाही. नियम आहे. आमच्याकडे एकदा कोशिंबिरीकडे जाता जाता त्यांचं बोट कारल्याच्या चमच्याला लागलं. कारलं त्यांना जन्मात आवडलेलं नाही. तरी त्यांनी ते पानात भरपूर वाढून घेतलं, काढा प्यावा तसं संपवलं आणि वर मलाच सांगितलं, "हात लावला की घ्यायचं, मेधा."

एवढंच असतं तर मी त्यांना भाबडे म्हणून सोडून दिलं असतं. पण नियम ते दुसऱ्यांनाही लावतात. आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी घरून आणलेल्या जेवणाला, ते बुफेच्या टोकाशी चौकीदारासारखे उभे असतात. जिलबीच्या चिमट्याला हात लावून, मग साखरेचा आकडा आठवून मागे फिरणाऱ्या माणसाला ते परत बोलावतात. आणि कुणी रिकाम्या भांड्याचं झाकण उघडलं, म्हणजे जे घेताच येत नाही त्याला हात लावला, तर त्याला वेगळी शिक्षा असते. काका खणखणीत आवाजात म्हणतात, "राजा हलवा." म्हणजे त्या माणसानं बसल्या जागेवरून उठून शेजारच्या खुर्चीवर जायचं. काकांच्या टेबलावर गोड येईपर्यंत एकही नवरा आपल्या बायकोशेजारी उरलेला नसतो. काहींना ते आवडतंही.

हा सगळा प्रकार एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि तो तिथेच राहिला असता तर माझी काही हरकत नव्हती.

काका इथे अमेरिकेत फार पूर्वी आले, पार्सिपनीत कढीपत्ता मिळत नव्हता तेव्हा. राज्य सरकारच्या पूल खात्यात इंजिनिअर होते. नोकरीभर पुलांचे तडे शोधले, निवृत्त झाल्यावर माणसांचे शोधायला लागले. नलिनीकाकूंनी त्यांना घराबाहेर काढण्यासाठी लायब्ररीत पाठवायला सुरुवात केली, आणि तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म बघता बघता त्यांना ती स्पर्धा सापडली. आमच्याच भागातल्या एका गावात, घोडागाड्यांच्या काळात, एका हॉटेलच्या माडीवर झालेली बुद्धिबळाची प्रांतिक स्पर्धा. त्या वेळी इथे दुसरं काही घडत नसावं, कारण पेपरवाल्यांनी प्रत्येक डावाची साग्रसंगीत हकीकत छापली होती. काकांनी ती सगळी पाठ केली.

तेव्हापासून त्या स्पर्धेतली माणसं आमच्यात राहायला आली. एक पिठाच्या गिरणीचा मालक, एक पाद्री, एक दंतवैद्य, एक शाळामास्तर. काका त्यांच्याविषयी असं बोलतात की जणू सकाळीच पटेलांच्या दुकानात भेटले होते. एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात ते म्हणाले, तो दंतवैद्य हाताला चांगला आहे, पण घायकुता, शेवटी शेवटी सगळं बिघडवतो. मी दुसऱ्या दिवशी माझी रूट कॅनालची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. काका कुणाविषयी बोलत होते ते पुढे कळलं. त्या दंतवैद्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती. माझा दात मात्र त्या आठवड्यात सुजला.

नलिनीकाकू म्हणतात, "ह्यांनी माझ्याकडे लक्ष द्यायला हवं असेल तर मला आधी मरावं लागेल, आणि मग शंभर वर्षं थांबावं लागेल."

त्या स्पर्धेचे नियम काकांना आजच्या सगळ्या कायद्यांहून शहाणे वाटतात. पहिला नियम, घड्याळ नाही. एका खेळीला हवा तेवढा वेळ घ्या. गिरणीवाला इतका विचार करायचा की समोरचा माणूस खाली जाऊन जेवून यायचा. दुसरा नियम, हात लावलेली सोंगटी खेळायचीच, आणि जी हलूच शकत नाही तिला हात लावला तर शिक्षा म्हणून राजा हलवायचा. तिसरा नियम काकांचा सगळ्यात लाडका. बरोबरी झालेला डाव मोजायचा नाही. अर्धा गुण तुला, अर्धा मला, असली वाटणी त्या माणसांना मंजूर नव्हती. बरोबरी झाली की पट पुन्हा मांडायचा आणि डाव पहिल्यापासून खेळायचा. निकाल लागेपर्यंत.

"पुन्हा मांडा," हे काका कुठेही म्हणतात. मंडळाच्या निवडणुकीत खजिनदारपदाला समसमान मतं पडली, दोघं उमेदवार आलटून पालटून काम करायला तयार झाले, सगळे चहाला उठले. काका उठले नाहीत. पुन्हा मांडा, म्हणाले. तीनदा मतदान झालं आणि चहाचं वरण झालं.

आणि त्या शाळामास्तरवर त्यांचा राग आहे. आपला नंबर येत नाही हे दिसल्यावर तो मास्तर उरलेले डाव न खेळताच गाडी पकडून घरी गेला होता. काकांना हे सहन होत नाही. "स्पर्धा चालू असताना उठून जायचं? समोर माणूस बसलाय, आणि तुम्ही जाता?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू मास्तरनं काकांच्याच घरचं जेवण टाकून दिलंय.

गेल्या थंडीत काकांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव आणला की आपण ती स्पर्धा जुन्या नियमांनी भरवावी. मी मंडळाची सेक्रेटरी आहे. दिवसभर एका फिजिओथेरपी क्लिनिकचं ऑफिस सांभाळते, म्हणजे उशिरा येणारी माणसं आणि न संपणारी दुखणी हाच माझा धंदा. घड्याळ नसलेल्या कुठल्याही गोष्टीला माझा विरोध असतो. मी विरोध केला. पण बाकीच्यांना वाटलं म्हाताऱ्यांना तेवढाच विरंगुळा, आणि टाउनशिपच्या कम्युनिटी सेंटरची मागची खोली मंडळाला शनिवारी दुपारी मिळते, ती त्यांना दिली गेली. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे माझे शनिवारही दिले गेले.

सहा निवृत्त काका जमले. निमकरकाका बो टाय आणि वेस्टकोट घालून आले. खिशात साखळीचं घड्याळ होतं, बघायचं नाही म्हणून. त्यांनी प्रत्येकाला जुन्या खेळाडूचं नाव वाटून दिलं. एक रसायनशास्त्राचे प्रोफेसर होते, त्यांना पाद्री केलं, ते दुसऱ्या शनिवारी रुसले. स्वतः काका दंतवैद्य झाले. आणि गिरणीवाला केलं डॉक्टर कर्णिकांना.

डॉक्टर कर्णिक भूलतज्ज्ञ होते. काकांचे इथले सगळ्यात जुने स्नेही, आणि इतक्या वर्षांत काका त्यांच्याशी एकदाही जिंकलेले नाहीत. एकदाही नाही. बायका स्वयंपाकघरात, मुलं तळघरात आणि हे दोघं पटावर, अशी त्यांची कित्येक वर्षं गेली, आणि दर वेळी शेवटी डॉक्टर सावकाश चष्मा पुसत म्हणायचे, "मात. भूल दिली होती रे तुला, कळलंच नाही." काका घरी जाऊन तो डाव पुन्हा पुन्हा मांडून बघायचे. काकूंच्या मते त्यांना आयुष्यात ग्रीन कार्डाहून जास्त हवी असलेली गोष्ट एकच होती, कर्णिकांवर मात.

पण आता डॉक्टर पूर्वीचे राहिले नव्हते. बायको गेल्यावर ते एकटे राहायचे आणि विसरत चालले होते. गॅस चालू ठेवून फिरायला गेले. सकाळी उठून हॉस्पिटलचे कपडे घालून बसले, गाडीची किल्ली सापडेना, कारण ती मुलीनं आधीच काढून घेतली होती. ही मुलगी, अंजली, अ‍ॅरिझोनात असते. दर महिन्याला विमानानं यायची, फ्रिज भरायची, रडायची नाही, जायची. तिनं तिच्या घराजवळ एक चांगली जागा बघितली होती, जिथे चोवीस तास नर्स असते. डॉक्टर तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, ही स्पर्धा होऊ दे, मग येतो. अंजली माझ्या किचनमध्ये उभी राहून हे सांगत होती, अर्धं इंग्रजीत, अर्धं लहानपणीच्या मराठीत. तिनं बाबांना शब्द दिला होता. टूर्नामेंट संपेपर्यंत नाही नेणार. संपली की लगेच. ती जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नव्हती. "मेधामावशी, किती दिवस चालते अशी टूर्नामेंट?"

मी म्हटलं, सहा म्हातारे, किती चालणार.

वसंत ऋतू आला तेव्हा सगळे डाव संपले होते. पाद्री प्रोफेसर तर सगळ्यांशी हरून मोकळे झाले. राहिला एकच डाव, निमकर विरुद्ध कर्णिक. जो जिंकेल त्याला चषक. मी मनात सगळं जुळवून टाकलं. डाव झाला की अंजली डॉक्टरांना नेईल, खोली ढोलताशा पथकाला मिळेल, आणि माझे शनिवार मला.

पहिल्या शनिवारी बरोबरी झाली. "पुन्हा मांडा," काका म्हणाले. पुढच्या शनिवारी बरोबरी. त्याच्या पुढच्याही. कधी डॉक्टरांच्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, असा डाव कोंडून बरोबरी. कधी नुसते दोन राजे पटावर उरलेले, सोसायटीतल्या दोन रिटायर्ड अध्यक्षांसारखे. एप्रिल गेला, मे गेला. लोकांची लॉनं दोनदा कापून झाली.

इकडे केदार माझ्या मागे लागला होता. केदार म्हणजे पथकाचा प्रमुख. जर्सी सिटीत विसाव्या मजल्यावर राहतो, तिथे ढोलावर नुसतं बोट आपटलं तरी खालचा माणूस सिक्युरिटीला बोलावतो. गणपतीची मिरवणूक तोंडावर येत होती. "मेधाताई, यार, त्या काकांना सांगा ना, कुणीतरी हरा." मी त्याला म्हटलं, सांगून हरणारी माणसं नाहीत ती. दोघंही तसलेच. हट्टी, रिकामटेकडी आणि एकमेकांना पुरून उरलेली.

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मी खोलीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून क्लिनिकची कामं करायचे आणि पटाकडे बघायचे नाही. पण जूनमधल्या एका शनिवारी सेंटरचं वायफाय बंद पडलं. करायला काहीच नव्हतं, म्हणून मी दोघांच्या मागे जाऊन उभी राहिले.

मला बुद्धिबळ येतं. माझे वडील नाशिकला जिल्ह्यापर्यंत खेळलेले. इथे मी हे कुणाला सांगत नाही, सांगितलं तर निमकरकाका मला मास्तर करतील.

डॉक्टरांनी वजीर उचलला आणि काकांच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. सरळ. कुठलाही सापळा नव्हता मागे. काकांनी तो बघितला. त्यांनी हात पाठीमागे बांधले, कशाला चुकून लागू नये म्हणून, आणि बराच वेळ बघत राहिले. मग एक कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

मला वाटलं, डोळे गेले ह्यांचे. मोतीबिंदू. थोड्या वेळानं काकांना दोन खेळ्यांत मात करता येत होती, ती माझ्या भाच्यालाही दिसली असती. काकांनी हत्ती उलटा आपल्या घरी नेला. मग त्यांनी स्वतःच्या सोंगट्या एकेक करून देऊन टाकल्या, पण अशा बेतानं की डॉक्टरांच्या त्याच वेळी तेवढ्याच जातील. ते काम इतकं बारीक होतं की मी लग्नात दागिन्यांची वाटणी करणाऱ्या आत्याबाईसुद्धा एवढ्या सावध पाहिलेल्या नाहीत. शेवटी दोन राजे राहिले.

"बरोबरी," काका म्हणाले. "पुन्हा मांडा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पुढच्या शनिवारी. तुला सोडणार नाही, निमकर."

डॉक्टर बाथरूममध्ये गेले तेव्हा मी काकांना चहाच्या किटलीजवळ गाठलं. वजीर का नाही घेतलात, म्हणून विचारलं. तुला त्यातलं काही कळत नाही, म्हणाले. मी त्यांना घोडा कुठे होता, हत्ती कुठे होता, मात कशी होती ते सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्याच पुलाचा तडा शोधलाय.

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली.

"त्याला हरवणं आता सोपं आहे गं," ते म्हणाले. "कुणीही हरवेल. बरोबरी करायला फार डोकं लागतं. तो कुठेही घुसतो मरायला. त्याला वाचवू की स्वतःला."

मी म्हटलं, काका, डाव संपेपर्यंत अंजली त्यांना नेणार नाही, पण तिनं तिकडे जागा धरून ठेवली आहे. ती दर महिन्याला येते आणि जाते. हे असं किती दिवस चालवणार आहात?

"नियमात मुदत नाही," काका म्हणाले, आणि चहा न घेता आत गेले.

मी चिडले होते, आणि माझं चिडणं बरोबर होतं. म्हाताऱ्या माणसानं घरात एकट्यानं पडून राहणं ही काही खेळातली गोष्ट नाही. क्लिनिकमध्ये मी कंबरेची हाडं मोडलेले रोज बघते. तरी त्या संध्याकाळी अंजलीचा फोन आला, संपली का म्हणून, तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की बरोबरी झाली. बाकी काही सांगायला माझी जीभ उचलेना. स्वतःवर चिडायला तेवढं पुरे झालं.

मग जुलैतल्या एका गुरुवारी मला कामावर कम्युनिटी सेंटरमधून फोन आला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, तुमच्या चेस क्लबमधले एक गृहस्थ मागच्या दाराशी बसलेत, आत यायला तयार नाहीत, पाणीही घेत नाहीत. मी काकांना कळवलं आणि निघाले. दोघं एकदमच पोचलो.

डॉक्टर मागच्या पायऱ्यांवर भर उन्हात बसले होते. अंगात स्वेटर होता. पायात घरातल्या सपाता होत्या, एक त्यांची आणि एक बहुतेक गेलेल्या काकूंची. मांडीवर सोंगट्यांची पेटी. घरापासून तिथपर्यंत यायला हायवे ओलांडावा लागतो. तो त्यांनी कसा ओलांडला ते आम्ही त्यांना विचारलं नाही आणि एकमेकांनाही नाही.

"उशीर केलास," डॉक्टर काकांना म्हणाले. "शनिवार ना आज?"

निमकरकाका आमच्या मंडळात खोटं न बोलण्यासाठी बदनाम आहेत. काकूंनी नवी साडी कशी दिसते विचारलं की ते खरं सांगतात. ते खाली वाकले, डॉक्टरांच्या स्वेटरची बटणं काढायला लागले आणि म्हणाले, "हो. शनिवारच."

डॉक्टरांना गाडीत बसवून, एसी लावून आम्ही बाहेर उभे राहिलो. काका सपातांकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अंजलीला तिकीट काढायला सांग. परवा संपवतो."

त्या शनिवारी मी लॅपटॉप नेलाच नाही. हरलेले चार काका आले. नलिनीकाकूही आल्या, त्या कधी येत नाहीत. अंजली आदल्या दिवशीच येऊन पोचली होती, ती दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी मला दोनदा नाव विचारलं. काका बो टाय लावून बसले होते आणि त्यांचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या मुलासारखा होता. मला वाटलं, आज ह्या माणसाला आयुष्यभर हवं होतं ते मिळणार, सगळ्यांसमोर, बायकोसमोर. आणि ते असं मिळणार, ह्याचं मला त्यांच्यासाठी वाईटही वाटेना. नियम त्यांचेच होते.

डाव सुरू झाला. डॉक्टर हल्ली खेळायचे तसेच खेळले, अंधारात चाचपडल्यासारखे. काका मात्र वेगळंच काही करत होते. आपली माणसं ते राजापासून दूर नेत होते. राजाच्या पुढ्यात एक हत्ती आणून ठेवला, तो नेमका डॉक्टरांच्या उंटाच्या रेषेत. हत्ती हलला तर राजाला शह, म्हणून तो हलूच शकत नाही. ही चूक पहिल्या आठवड्यातलं पोर करतं. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते आणि मला काही उमजत नव्हतं.

मग काकांनी हात पुढे केला आणि त्या हत्तीच्या डोक्यावर ठेवला.

हात घसरला नव्हता. मी बघितलं. हात गेला, टेकला आणि तिथेच राहिला.

पाद्री प्रोफेसरांना बहुधा काही कळलंच नाही. काका वाट बघत होते. तेव्हा डॉक्टर कर्णिक, ज्यांना त्या दिवशी माझं नाव आठवत नव्हतं, ते खुर्चीत ताठ झाले.

"हात लावलास, निमकर," ते म्हणाले. "तो हलत नाही. राजा हलव."

काकांनी राजा हलवला. जायला एकच घर होतं. तिथे गेल्यावर डॉक्टरांच्या वजिराची एक खेळी, आणि डाव खतम. ती एक खेळी. ती मला दिसत होती, काकांना दिसत होती, हरलेल्यांतल्या दोघांनाही दिसली असावी, कारण ते पुढे झुकले.

डॉक्टर पटाकडे बघत बसले. बघता बघता त्यांची नजर खिडकीकडे गेली. परत आली. त्यांनी घोड्याकडे हात नेला. काकांनी टेबलाखाली स्वतःचा गुडघा घट्ट धरलेला मला दिसला. डॉक्टरांनी हात मागे घेतला, घोड्याला लावला नव्हता.

नेमक्या त्याच वेळी केदारचं पथक पार्किंगमध्ये उतरलं. त्यांना मीच तीनची वेळ दिली होती. कुणीतरी ढोलाची दोरी आवळून एक टिपरू मारलं. मी धावत बाहेर गेले आणि केदारला सांगितलं की ह्यानंतर एक आवाज जरी झाला तरी तुझा ढोल मी गाडीखाली घालीन. तो म्हणाला, ताई, तीन वाजले की. मी म्हटलं, आत घड्याळ नाही.

मी परत आले तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत होते. वजीर शेवटच्या घरात होता.

"मात," ते म्हणाले. "भूल दिली होती रे तुला. कळलंच नाही."

"नाही कळलं," काका म्हणाले.

डॉक्टर चषक घेऊन अ‍ॅरिझोनाला गेले. अंजली सांगते की तिथल्या नर्सना ते गिरणीवाला म्हणून स्वतःची ओळख करून देतात, आणि नर्सना वाटतं की आजोबांची खरंच गिरणी होती.

निमकरकाका सुधारलेले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. महिनाभर ज्याला त्याला सांगत होते की कर्णिक खेळून जिंकला नाही, दंडावर जिंकला. हे म्हणणं पेपरमधल्या जुन्या हकिकतीच्या थाटात, हात मागे बांधून. गणपतीच्या प्रसादाला त्यांनी माझ्या सख्ख्या दिराला दोनदा राजा हलवायला लावला. शनिवारी दुपारी पथकाची प्रॅक्टिस चालू असतानाही ते बो टाय लावून सेंटरमध्ये येतात आणि चहाच्या खोलीत पट मांडून बसतात, पलीकडे ढोल बडवले जात असताना. समोरची खुर्ची रिकामी. काकूंनी सांगून बघितलं, घरी मांडा. घरी कुणी येत नाही, म्हणाले. मी मनात म्हटलं, इथे तरी कोण येतं?

किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मी तिथे असतेच. एका शनिवारी मी समोर बसले, आणि आधीच सांगितलं की मला जाताना भाजी घ्यायची आहे, विचार करत बसू नका. काकांनी विचार केलाच नाही. माझा वजीर पहिल्या संधीला घेतला, मग घोडे, मग जे होतं ते सगळं, आणि चहा निवायच्या आत मात केली. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्याही. वडिलांनी शिकवलेलं सगळं वापरून झालं. ह्या माणसाला दया म्हणून माहीत नाही.

गेल्या शनिवारी मी वैतागून म्हटलं, काका, एखाद्या डावात बरोबरी केलीत तर काय बिघडेल? येते तुम्हाला. मी बघितली आहे.

काका माझा मेलेला राजा बोटांत फिरवत होते. भिंतीपलीकडे केदारची माणसं ताल चुकत होती.

"तू कुठे चालली आहेस?" ते म्हणाले.

भाजी घ्यायला जायचं होतं. मी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.